गॅसवर वीज करून घरोघर विकणारी कंपनी: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

अशा कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याला पहिल्या दिवशी हमखास दोन गोष्टी दाखवतात, एक वीजकेंद्राचा भलामोठा फोटो आणि दुसरा गेल्या वर्षीचा ताळेबंद. दोन्हींचा सुरुवातीला काडीचा उपयोग नसतो. फोटोत पैसा दिसत नाही आणि ताळेबंदात वीज दिसत नाही.

मी नव्या लोकांना शेजारी बसवतो तेव्हा एक तास निवडतो, शक्यतो संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात गॅस किती जळला, वीज किती झाली, बाजारात भाव काय होता आणि आपल्या ग्राहकांनी किती वापरली, हे चार आकडे एका कागदावर मांडायला लावतो. वीज मोठ्या प्रमाणावर सहज साठवता येत नाही. बॅटऱ्या वाढताहेत, पण अजून तरी जी वीज ज्या क्षणी लागते ती त्याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. म्हणून या धंद्यात वर्षाची सरासरी फसवते. पैसा मिळतो किंवा बुडतो तो तासातासाला, आणि वर्षातले मोजकेच तास सगळं ठरवतात.

पुढच्या पायऱ्या त्या एका तासाकडे नेणाऱ्या आहेत. तुम्ही नोकरीला लागलेले असा, अभ्यास करणारे असा किंवा नुसते वीजबिलाने चक्रावलेले ग्राहक असा, क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: एककं घोटून घ्या

मेगावॅट ही नळाची धार आणि मेगावॅट-तास ही भरलेली बादली. ४०० मेगावॅटचं केंद्र एक तास पूर्ण क्षमतेने चाललं की ४०० मेगावॅट-तास वीज झाली, म्हणजे बिलावरच्या भाषेत ४ लाख युनिट. गॅस मात्र उष्णतेत मोजतात: कुठे गिगाज्युल, कुठे एमएमबीटीयू. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण १.०५५ गिगाज्युल. आणि एक मेगावॅट-तास म्हणजे बरोबर ३.६ गिगाज्युल. हा ३.६ चा आकडा पाठच करा, तो रोज लागतो.

इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. गॅस जळला की त्यातून पाण्याची वाफही तयार होते. त्या वाफेत अडकलेली उष्णता धरली तर तो ग्रॉस उष्मांक, सोडून दिली तर नेट. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दोन्हींत सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो. गॅसचं बिल बहुतेक ठिकाणी ग्रॉसवर येतं, पण टर्बाइन बनवणारे आपली कार्यक्षमता नेटवर सांगतात, कारण ती जास्त दिसते. माहितीपत्रकातले ६० टक्के म्हणजे गॅसच्या बिलाच्या हिशेबात जेमतेम ५४. मी नवा असताना एकाचा भाव आणि दुसऱ्याची कार्यक्षमता धरून तक्ता केला. माझ्या तक्त्यात केंद्र रोज नफ्यात होतं. वरिष्ठांनी तो कागद परत दिला, त्यावर पेन्सिलीने दोनच शब्द: ‘कुठला उष्मांक?’ तेव्हापासून कुणीही कार्यक्षमतेचा आकडा सांगितला की मी आधी हाच प्रश्न विचारतो.

दुसरी पायरी: यंत्र बघून या

गॅस टर्बाइन म्हणजे बाहेरची हवा ओढून दाबायची, त्यात गॅस जाळायचा आणि त्या तापलेल्या झोतावर पाती फिरवायची. ऐकायला सोपं. अडचण अशी की हवा दाबायलाच प्रचंड ताकद लागते. वीजनिर्मितीसाठी गॅस टर्बाइन बसवण्याचा पहिला मोठा प्रयोग १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल इथे झाला. तेलावर चालणारं यंत्र होतं ते, ब्राउन बोव्हेरी कंपनीने केलेलं. टर्बाइनने तयार केलेल्या सुमारे १५,४०० किलोवॅटपैकी ११,४०० कॉम्प्रेसरच (हवा दाबणारा भाग) खायचा, हाती उरायचे ४,०००. कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या आसपास. आजही निम्म्याच्या आसपास ताकद कॉम्प्रेसरकडेच जाते, फक्त उरलेला अर्धा भाग आता खूप मोठा झालाय.

तो मोठा झाला दोन कारणांनी. एक म्हणजे झोताचं तापमान. आजच्या मोठ्या टर्बाइनमध्ये ते पात्यांच्या धातूच्या वितळबिंदूच्याही वर असतं. पाती वितळत नाहीत, कारण त्यांच्या पोटातून बारीक वाटांनी हवा खेळवलेली असते आणि वर सिरॅमिकचा लेप असतो. दुसरं कारण कंबाइंड सायकल. टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर ६०० अंशांच्या आसपास असतो. तो वाया न घालवता त्यावर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन फिरवायची. नुसती गॅस टर्बाइन ३५ ते ४० टक्क्यांवर थांबते, ही जोडी नेट हिशेबाने ६० च्या पुढे जाते. फ्रान्समधल्या बुशँ इथल्या केंद्राने २०१६ साली ६२.२२ टक्क्यांची नोंद केली, आणि त्यानंतरही आकडा थोडाथोडा वर सरकतोच आहे.

मग नुसत्या टर्बाइन लोक का ठेवतात? कारण त्या चटकन उठतात. विमानाच्या इंजिनावरून बेतलेली छोटी टर्बाइन दहाएक मिनिटांत पूर्ण भार घेते. कंबाइंड सायकल गरम असेल तर तासाभरात येईल, पण दोन-तीन दिवस थंड पडलेली असेल तर कित्येक तास घेते, कारण वाफेच्या बाजूचे जाड धातूचे भाग हळूहळूच तापवावे लागतात. घाई केली की तडे जातात.

आणखी दोन गोष्टी केंद्रावरच विचारून घ्या. पहिली, बाहेरचं तापमान एक अंशाने वाढलं की उत्पादन किती घटतं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे गॅस टर्बाइन दर अंशामागे साधारण अर्धा ते एक टक्का कमी वीज देते. म्हणजे पंखे आणि एसी सगळीकडे चालू असतात नेमक्या त्या दुपारी आपलं केंद्र पाटीवर लिहिलेली क्षमता देत नाही. दुसरी, किमान भार किती. केंद्र शून्यापर्यंत खाली आणता येत नाही. ठरावीक मर्यादेखाली ज्वलन बिघडतं आणि धुरातली प्रदूषकं वाढतात. बऱ्याच केंद्रांत ही मर्यादा क्षमतेच्या ४०-५० टक्क्यांच्या आसपास असते. हा आकडा पुढे रात्रीच्या हिशेबात लागणार आहे.

तिसरी पायरी: स्पार्क स्प्रेड हाताने काढा

संगणकाला हात लावू नका. कागद घ्या. चलन कुठलंही समजा, आकडे हिशेबापुरते आहेत.

केंद्र ४०० मेगावॅटचं, ग्रॉस कार्यक्षमता ५४ टक्के. ३.६ भागिले ०.५४, म्हणजे एका मेगावॅट-तासाला ६.६७ गिगाज्युल गॅस. यालाच हीट रेट म्हणतात. गॅस ९ ने मिळतोय, तर इंधनाचा खर्च ६०. देखभालीचा चालू खर्च ४. कार्बनवर किंमत लावलेली असेल (युरोपात २००५ पासून आहे), तर तीही धरा. असं केंद्र एका मेगावॅट-तासामागे अंदाजे एक तृतीयांश टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. टनाला ३० धरले तर १० झाले. एकूण ७४. बाजारात वीज ८० ला जातेय तर सहा सुटले, ७० ला जातेय तर चालवण्यात तोटा.

विजेचा भाव वजा गॅसचा खर्च म्हणजे स्पार्क स्प्रेड. कार्बन वजा केला की क्लीन स्पार्क स्प्रेड. नवे लोक गॅस महागला की हळहळतात आणि स्वस्त झाला की खूश होतात. तसं नसतं. आपल्याला दोन भावांमधली फट हवी असते. गॅस आणि वीज दोन्ही सारखेच वर गेले तर केंद्राला फारसा फरक पडत नाही.

(जाता जाता: चिमणीतून बाहेर पडणारा कार्बन कोळशाच्या तुलनेत निम्म्याहून कमी, हे खरं. पण गॅसच्या विहिरीपासून केंद्रापर्यंत गळणारा मिथेन या हिशेबात नसतो, आणि वीस वर्षांच्या मोजणीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो. ‘स्वच्छ इंधन’ असं कुणी म्हणालं की गळतीचा आकडा मागा.)

आता रात्रीचा प्रश्न, कारण खरी परीक्षा इथे होते. रात्री सहा तास भाव ५५ वर आलाय. केंद्र बंद करायचं की किमान भारावर, म्हणजे २०० मेगावॅटवर, चालू ठेवायचं? कमी भारावर कार्यक्षमता घसरते, म्हणून खर्च ७४ ऐवजी ८० धरा. चालू ठेवलं तर दर मेगावॅट-तासाला २५ चा तोटा, गुणिले २००, गुणिले ६: एकूण ३०,०००. बंद करून पुन्हा सुरू करायचा खर्च, इंधन आणि झीज धरून, समजा २५,०००. कागदावर बंद करणं पाच हजारांनी स्वस्त.

पण पन्नासात एकदा केंद्र सुरू होताना अडतं असं गृहीत धरा. कुठली तरी झडप उघडत नाही, कुठला तरी सेन्सर खोटं बोलतो. आणि उद्या संध्याकाळी चार तास भाव ३०० असणार आहे. तेव्हा केंद्र नसलं तर ३०० वजा ७४, गुणिले १,६०० मेगावॅट-तास, म्हणजे ३,६१,६०० हातचे गेले. त्याचा पन्नासावा भाग ७,२३२. पाच हजार वाचवायला सात हजारांचा धोका. चालू ठेवा. हा निर्णय कुणीतरी रोज रात्री घेतं, आणि सकाळी त्याचं कुणी कौतुक करत नाही.

चौथी पायरी: भाव कुठून येतो ते समजून घ्या

बहुतेक खुल्या वीजबाजारांत केंद्रं आपापली बोली लावतात. स्वस्त बोलीपासून सुरुवात करून मागणी भागेपर्यंत एकेकाला घेतात, आणि सगळ्यात शेवटी घेतलेल्या केंद्राची बोली हाच सगळ्यांचा भाव ठरतो. सौर आणि पवन जवळपास फुकट बोली लावतात, अणुकेंद्रं खाली असतात, आणि रांगेच्या शेवटी बऱ्याचदा गॅस उभा असतो. म्हणून एकूण विजेत गॅसचा वाटा लहान असला तरी भाव गॅसच ठरवतो. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाचा गॅस आटला आणि युरोपातल्या टीटीएफ या गॅसबाजारात भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला, तेव्हा जलविद्युतवाल्यांनाही गॅसमुळे चढलेलाच विजेचा भाव मिळाला.

भाव ठरवण्याचा कालावधीही तपासा. कुठे एक तास, कुठे अर्धा, कुठे पंधरा मिनिटं. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून हिशेब तीस मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणला. पाच मिनिटांत बॅटरी धावून येते, गॅस टर्बाइनला जागं व्हायला वेळ लागतो. नियमातल्या एका आकड्याने कुणाच्या ताटातलं कुणाच्या ताटात जातं ते इथे दिसतं.

पाचवी पायरी: गॅस खरंच येणार आहे का, हे विचारा

कोळशाच्या केंद्राबाहेर ढीग दिसतो. गॅसच्या केंद्राबाहेर फक्त एक पाइप असतो. तुमचा साठा म्हणजे त्या पाइपवरचा हक्क, आणि हक्काचे प्रकार आहेत. फर्म हक्क असेल तर पाइपलाइनवाल्याने जागा राखून ठेवलीच पाहिजे, त्याचे पैसे वापरा न वापरा भरायचे. इंटरप्टिबल स्वस्त असतो, पण गर्दी झाली की पहिला तोच तुटतो. गॅस खरेदीतही ‘घ्या नाहीतर पैसे द्या’ असा करार असतो: ठरलेल्या किमान प्रमाणाचे पैसे द्यावेच लागतात. मग केंद्र तोट्यात चालवायचं की गॅस दुसऱ्याला विकायचा, असा वेगळाच हिशेब सुरू होतो. पाइपमध्ये दाबाने भरून ठेवलेला थोडा गॅस असतो, त्याला लाइनपॅक म्हणतात. तो काही तासांची चूक पोटात घालतो, दिवसांची नाही.

आदल्या दिवशी पाइपलाइनला कळवावं लागतं की उद्या आम्ही इतका गॅस घेऊ. यालाच नॉमिनेशन म्हणतात. गॅसचा दिवस आणि विजेचा दिवस बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या वेळी सुरू होतो, म्हणून वीजबाजाराचा निकाल लागण्याआधीच गॅसचा अंदाज द्यावा लागण्याची वेळ येते. नव्या माणसाने एक दिवस तरी हे काम करणाऱ्याच्या शेजारी बसावं.

हक्क कागदावर असून गॅस न येणं म्हणजे काय, ते टेक्ससने फेब्रुवारी २०२१ मध्ये पाहिलं. थंडीने विहिरींची तोंडं गोठली, केंद्रांची उपकरणं गोठली, आणि भारनियमन सुरू केल्यावर गॅस पुढे ढकलणाऱ्या काही विजेवरच्या यंत्रणांचीही वीज गेली, कारण त्यांची नोंद ‘अत्यावश्यक’ म्हणून झालेलीच नव्हती. वीज नाही म्हणून गॅस नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची (सगळ्या वीजजाळ्याची) वारंवारिता इतकी घसरली की संपूर्ण अंधाराला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, असं ग्रिडचालकाने नंतर सांगितलं. घाऊक भाव कमाल मर्यादेला, मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरला, कित्येक दिवस चिकटून राहिला.

सहावी पायरी: ग्राहकाने तुमच्याकडून काय विकत घेतलंय ते ओळखा

आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूला या. ग्राहकाला आपण अमुक दराने वीज देतो असं म्हणतो. प्रत्यक्षात आपल्या केंद्रातली वीज आपल्याच ग्राहकाच्या घरी जाते असं काही नाही. सगळी वीज एकाच तलावात पडते. निर्मितीची बाजू बाजारभावाने विकते, विक्रीची बाजू त्याच बाजारभावाने विकत घेते आणि ग्राहकाला ठरलेल्या दराने देते. ग्राहकाला खरं तर आपण अभय विकतो: बाजारात काहीही होवो, तुझा दर हाच.

या अभयाला मर्यादा नसते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ग्राहकाने महिन्याला ३०० युनिट वापरायचं वचन दिलेलं नाही. थंडी किंवा उकाडा वाढला की तो जास्त वापरतो, त्याचे शेजारीही वापरतात, आणि म्हणून नेमका तेव्हाच भाव चढतो. वापर आणि भाव हातात हात घालून वाढतात. सरासरी भावाने सरासरी वापराची तजवीज करून ठेवली तर विक्रेता दर वर्षी थोडा-थोडा मार खातो आणि एखाद्या वर्षी सपशेल झोपतो.

उदाहरणं भरपूर आहेत. कॅलिफोर्नियात मोठ्या वितरण कंपन्यांनी आपली बरीच गॅस केंद्रं विकून टाकली, ग्राहकांचे दर गोठवलेले होते आणि खरेदी रोजच्या बाजारातून. २००० सालच्या उन्हाळ्यापासून घाऊक भाव भडकला आणि त्यातली पीजी अँड ई एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये २०२१ च्या उत्तरार्धात गॅस महागला, ग्राहकदराला सरकारी कमाल मर्यादा होती, आणि पुढची खरेदी आधीच करून न ठेवलेले पंचवीसहून जास्त विक्रेते काही महिन्यांत बुडाले. टेक्ससमध्ये ग्रिडी नावाच्या कंपनीने उलटी वाट धरली होती: घाऊक भाव जसाच्या तसा ग्राहकाला. त्या फेब्रुवारीत काही घरांना हजारो डॉलरची बिलं गेली, आणि मार्चमध्ये तीही दिवाळखोरीत गेली. अभय दिलं तरी धोका, नाही दिलं तरी धोका.

सातवी पायरी: दोन्ही बाजू एका तासात मांडा

आता सुरुवातीला सांगितलेला तो कागद काढा. संध्याकाळी सहा ते सात. ग्राहकांचा भार ३५० मेगावॅट, दरातला विजेचा भाग ८५. केंद्राचा खर्च ७४. बाजारभाव अचानक ५००.

नुसता विक्रेता असता तर ३५० गुणिले ४१५, म्हणजे १,४५,२५० चा एका तासात फटका. पण आपलं केंद्र ४०० मेगावॅटने चालू आहे. त्याने ४०० गुणिले ४२६, म्हणजे १,७०,४०० कमावले. वजाबाकी करून २५,१५० शिल्लक. ज्या भावाने एक बाजू बुडते त्याच भावाने दुसरी तरते. निर्मिती आणि विक्री एका छपराखाली ठेवण्याचं मुख्य कारण हेच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे अशा कंपन्यांना गेनटेलर म्हणतात, जनरेटर आणि रिटेलर मिळून.

शांत तासाला, भाव ७४ च्या आसपास असताना, हीच कंपनी ग्राहकांवर ३५० गुणिले ११, म्हणजे ३,८५० मिळवते. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आणि आता त्याच संध्याकाळी केंद्र ट्रिप होऊ द्या, म्हणजे बिघाडाने अचानक बंद पडू द्या. गारठा आहे, भार ३५० चा ४२० झालाय. तुमचं ४०० मेगावॅट अचानक गेल्यामुळे बाजारभावही उडाला, समजा २,०००. आता ४२० गुणिले १,९१५. एका तासात ८,०४,३०० गेले. ३,८५० ने भागून बघा: २०९ तासांची, म्हणजे रात्रंदिवस चालवून जवळपास नऊ दिवसांची कमाई एका तासात धुऊन निघाली.

म्हणून स्वतःचं केंद्र आहे तेवढ्यावर शहाणी कंपनी निवांत बसत नाही. ती दुसऱ्याकडून कॅप विकत घेते: भाव ठरावीक पातळीच्या वर गेला तर वरचा फरक तो देईल. ऑस्ट्रेलियात ही पातळी परंपरेने ३०० डॉलरची असते. एका ४०० मेगावॅटच्या संचाऐवजी लहान लहान चार संच असले तर एक पडला तरी तीन उरतात, म्हणून पत्रकात ‘एकूण क्षमता’ वाचू नका, ‘सगळ्यात मोठा एकटा संच’ वाचा. देखभालीसाठी केंद्र बंद ठेवायचे आठवडे कुठले, तेही बघा. मी तर म्हणेन की कंपनीची अक्कल तिच्या देखभालीच्या वेळापत्रकात दिसते.

भाव असा आधीच बांधून ठेवण्याला, म्हणजे हेजिंगला, स्वतःची एक कटकट आहे: तारण. पुढच्या वर्षीची वीज आज विकून ठेवली आणि भाव वर गेला तर कागदोपत्री तोटा दिसतो, आणि बाजार रोख तारण मागतो. पुढे केंद्र चालवून ते पैसे परत येणारच असतात, पण तारण आज भरायचं असतं. भक्कम केंद्रं असलेल्या कंपन्याही २०२२ मध्ये युरोपात याच कारणाने सरकारांकडे हात पसरताना दिसल्या.

आठवी पायरी: बिल आणि प्लॅन

हे पटकन. बिलात स्थिर आकार, विजेचा आकार, तारा-खांबांचं वहन, कर असे भाग असतात. विक्रेत्याच्या हातात विजेचा आकार आणि स्वतःची फी एवढंच असतं, बाकी तो नुसता गोळा करून पुढे देतो. म्हणून ‘३० टक्के स्वस्त’ अशी जाहिरात दिसली तर कशाच्या ३० टक्के ते विचारा.

ग्राहक म्हणून प्लॅन निवडताना दराच्या आधी तीन गोष्टी वाचा: दर किती महिने बांधलेला आहे, मुदत संपल्यावर आपोआप कुठल्या दरावर ढकलतील, आणि मधेच सोडलं तर दंड काय. वेळेनुसार बदलणारा दर ज्याला कपडे धुणं किंवा गाडी चार्ज करणं रात्रीवर ढकलता येतं त्याने घ्यावा. घाऊक भावाशी थेट जोडलेला दर ज्याला एखाद्या महिन्यात दहापट बिल भरता येईल त्यानेच. विक्रेता बाजारातल्या इतरांपेक्षा फारच स्वस्त असेल तर एक तर त्याच्याकडे स्वतःचं केंद्र किंवा लांब मुदतीची खरेदी आहे, नाहीतर तो उद्याच्या भावावर जुगार खेळतोय.

नववी पायरी: आता ताळेबंद उघडा

एवढं झालं की अहवाल वाचायला मजा येते. कर्ज किती आणि त्याच्या समोर पुढच्या दोन-तीन वर्षांची किती वीज आधीच विकलेली आहे, ते आधी शोधा. अमेरिकेतली कॅल्पाइन १९८४ साली सुरू झाली, गॅस केंद्रांच्या लाटेत कर्ज काढून बांधत सुटली. तिच्यासारख्याच इतरांनीही बांधली, केंद्रं जास्त झाली, गॅस महागला, फट मिटली. डिसेंबर २००५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर आली. केंद्रं तीच होती, चालतही होती. कर्जाचा बोजा हलका झाल्यावर तीच कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या गॅसवीज उत्पादकांत गणली गेली, आणि ग्राहकांना थेट वीज विकण्याचा धंदाही तिने हाती घेतला.

अहवालात ‘सरासरी मिळालेला भाव’ सापडला तर बाजाराच्या सरासरीशी ताडून बघा. गॅस केंद्राला सरासरीपेक्षा जास्त भाव मिळायला हवा, कारण ते महाग तासांतच चालतं. जिथे दुपारी सौर वीज ओसंडून वाहते आणि सूर्य मावळताच टंचाई येते, तिथे ही दरी आणखी रुंदावली आहे. केंद्रं कमी तास चालतात, पण रोज चालू-बंद होतात. त्याची किंमत देखभालीच्या रकान्यात उमटते, कारण टर्बाइनची झीज तासांइतकीच सुरू होण्याच्या संख्येवरही मोजतात. एका वर्षात तास घटले आणि देखभाल वाढली, तर चूक समजू नका.

आणि पहिल्या महिन्यात कधीतरी, जमलं तर पहाटे, केंद्र सुरू होताना नियंत्रण कक्षात उभे राहा. बंद असतानाही शाफ्ट पूर्ण थांबू देत नाहीत, तो संथ फिरत ठेवलेला असतो, नाहीतर गरम असताना स्वतःच्या वजनाने वाकतो. आधी नुसती हवा फिरवून आत साचलेला गॅस बाहेर काढतात. मग ठिणगी. पडद्यावर धुराचं तापमान चढायला लागतं आणि कुणी बोलत नाही. फेरे वाढत ३,००० वर येतात (६० हर्ट्झच्या ग्रिडवर ३,६००), काटा ग्रिडच्या काट्याशी जुळेपर्यंत हळूहळू फिरतो, आणि ब्रेकर बसल्याचा एक खणखणीत आवाज येतो. पाळीवरचा माणूस फोन उचलतो, खरेदी-विक्रीच्या टेबलावर बसलेल्याला सांगतो, ‘जोडलं.’ पलीकडून विचारतात, ‘पूर्ण भार किती वाजता?’